गणपतीआधी राजीनामा द्यावा का? कीबोर्ड, पार्श्वसंगीत आणि आयटीतली नोकरी

काळी_चार
पुणे. वय २९, आयटीत टेस्टिंग. हातात महिना ६२,००० येतात, घरखर्च हप्त्यासकट ३८,०००. नोकरीला पाच वर्षं पुढच्या जुलैत भरतील. नोटीस ९० दिवसांची.

बाजूने दोन कामं: वाद्यवृंदात कीबोर्ड, आणि लघुपट-जाहिरातींचं पार्श्वसंगीत. गेल्या आर्थिक वर्षात संगीतातून ३,३६,००० जमा झाले, त्यातले २,१०,००० ऑगस्ट ते नोव्हेंबर या चार महिन्यांतले. तालमी आणि रेकॉर्डिंग दिवसा असतात, रजा पुरत नाहीत, कामं सोडावी लागतात.

'मनाचं ऐक' आणि 'आधी पोटापाण्याचं बघ' हे दोन्ही सल्ले घरात फुकट मिळतात, ते इथे नकोत. आकडे कुठे पोचल्यावर सोडावी, कोणत्या महिन्यात सोडावी, आणि करारात काय बघावं, एवढंच सांगा.

हिशेबनीस
३,३६,००० ला बाराने भागून महिना २८,००० काढू नका, इथेच बहुतेकांचं गणित फसतं. सीझनचे २,१०,००० वजा केले तर उरलेल्या आठ महिन्यांत १,२६,००० राहतात, म्हणजे महिना १५,७५०. डिसेंबर ते जुलै तुम्हाला याच आकड्यावर काढायचे आहेत.

आता खर्च. ३८,००० हा नोकरदाराचा खर्च झाला. कंपनी गुपचूप भरते ते त्यात धरलेलं नाही. आरोग्य विम्याला महिना ३,०००, पीएफऐवजी स्वतः बाजूला टाकायचे ५,०००, वाद्यं-केबल-दुरुस्ती ४,००० धरा. झाले ५०,०००, वर्षाला ६ लाख. जमेतून प्रवास, सामान उचलणारा पोरगा, बदली वादकाचे पैसे यासाठी चौथा हिस्सा काढला तर हातात २,५२,००० उरतात. तूट ३,४८,०००, म्हणजे महिना २९,०००. नोकरी सुटल्यावर मोकळ्या झालेल्या वेळातून हे २९,००० कसे येणार, याचं उत्तर कागदावर आल्याशिवाय राजीनामा लिहू नका. 'कामं वाढतील' हे उत्तर नव्हे.

शिकवण्या हा एक मार्ग. १,५०० रुपये फी, २० विद्यार्थी, चार-चारच्या पाच बॅचेस, आठवड्यातून दोनदा. आठवड्याच्या दहा तासांत महिना ३०,००० होतात. पण बॅचेस संध्याकाळच्या आणि शोही संध्याकाळचे, म्हणून शनिवार-रविवार वर्ग ठेवूच नका. मार्चमध्ये परीक्षा आणि मेमध्ये सुट्टी म्हणून मुलं गळतात, तेव्हा फी महिन्याची न घेता तिमाहीची आगाऊ घ्या. व्यक्तीने स्वतः दिलेल्या कलाशिक्षणावर जीएसटी लागत नाही. शिकवण्यांची फी धरून एकूण जमा वर्षाला २० लाखांच्या आत आहे तोवर नोंदणीचीही गरज नाही.

तारखेचं उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. ग्रॅच्युइटीला पाच वर्षं लागतात. चार वर्षं २४० दिवस पुरतात असा मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल आहे, पण त्यावर एचआरशी वाद घालण्यापेक्षा जुलै भरू द्या. मूळ पगार ३०,००० धरला तर ३०,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले ५, साधारण ८६,५०० होतात. एप्रिलअखेर किंवा मेच्या सुरुवातीला राजीनामा, जुलैअखेर शेवटचा दिवस, आणि समोर थेट सीझन. वार्षिक बोनस खात्यात पडल्याशिवाय मात्र पत्र देऊ नका. नोटीसवर असलेल्याला तो न देणाऱ्या कंपन्या पुष्कळ आहेत. डिसेंबरात सोडणारा माणूस आपली शिल्लक पहिल्याच भाकड आठ महिन्यांत खाऊन बसतो.

ज्या वर्षी गणपतीआधी अधिक महिना येतो त्या वर्षी गणपती सप्टेंबरच्या मध्याकडे सरकतात आणि पहिली कमाईही लांबते. पंचांग बघूनच तारीख ठरवा.

त्याआधी ३ लाख, म्हणजे सहा महिन्यांचा खर्च, एफडीत हवा. विमा नोकरीत असतानाच घ्या. कंपनीचं समूह कवच शेवटच्या दिवशी संपतं, आणि आधीपासूनच्या आजारांची तीन वर्षांपर्यंतची प्रतीक्षा पॉलिसी घेतल्या दिवसापासून मोजतात. गृहकर्जाची बँक बदलायची असेल तर तेही आत्ताच उरका. स्वतंत्र व्यावसायिकाकडे बँका साधारण दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागतात. पीएफ काढू नका, पाच वर्षांच्या आत काढला तर करही लागतो.

तिसरा_ठेका
+१. फक्त एक भर. वाद्यवृंदाची नाईट, म्हणजे एका कार्यक्रमाचं मानधन, त्याच रात्री पाकिटात मिळते, पार्श्वसंगीताचे पैसे महिना-दोन महिन्यांनी, तेही १० टक्के टीडीएस कापून. वहीत दोन्ही वेगळे लिहा, आणि महिन्याचा खर्च पहिल्यावरच बसवा. कापलेला टीडीएस विवरणपत्र भरल्यावरच परत मिळेल.

मंद्र_निषाद
कराराबद्दल लिहितो, कारण पार्श्वसंगीतवाले इथेच सर्वांत जास्त गमावतात.

कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटासाठी दिलेल्या संगीताचा, चित्रपटगृहातलं प्रदर्शन सोडून इतर वापरांच्या रॉयल्टीतला समान वाटा संगीतकाराचा असतो. तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. 'रॉयल्टीवरचा हक्क सोडत आहे' असं कलम करारात असलं तरी ते रद्दबातल. निर्माता एकरकमी बायआऊट, म्हणजे सगळे हक्क एकाच रकमेत विकत, म्हणाला म्हणून हा वाटा जात नाही. पण तो आपोआप दारातही येत नाही. आयपीआरएस या संगीतकार-गीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या सोसायटीचं सभासदत्व घ्या आणि प्रत्येक रचना नोंदवा.

त्यासाठी क्यू शीट, म्हणजे कुठून कुठवर कोणतं संगीत वाजतं याची यादी, लागते, आणि लघुपटवाल्यांकडे ती जवळजवळ कधीच नसते. मिक्स संपल्या दिवशी स्वतःच करून त्यांच्याकडून सही घ्या. एक ओळ अशी: ०४:१२ ते ०५:०३, 'विहिरीचा प्रसंग', पार्श्व, वाद्यसंगीत, ५१ सेकंद, संगीतकार तुमचं नाव, हिस्सा १०० टक्के. सहा महिन्यांनी हे आठवून लिहायला गेलात तर निम्मे तुकडे विसरलेले असतात, आणि दिग्दर्शक तोवर फोन उचलत नाही.

करारात हस्तांतरणाची मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. म्हणून समोरचा 'कायमस्वरूपी, जगभर' असं घालणारच. घालू दे, पण त्याचे पैसे वेगळे मागा.

कामाच्या अटींमध्ये तीन वाक्यं पुरतात: निम्मे पैसे आगाऊ; दोन दुरुस्त्या मानधनात धरलेल्या, तिसरीपासून वेगळा आकार; संकलन लॉक, म्हणजे अंतिम, झाल्यावर कापाकापी केली तर ते नवं काम. तिसरं सर्वांत महत्त्वाचं. एक शॉट १८ फ्रेम्सनी छोटा झाला की पुढचे सगळे ठेके घसरतात, आणि समोरच्याला वाटतं 'जरासं सरकवायचंय'. फायनल फाइल ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. फ्रेम रेट २४ की २५ हे पहिल्याच दिवशी लेखी विचारा. स्टेम्स (वाद्यांचे सुटे ट्रॅक) द्यायचे तर उरलेली रक्कम जमा झाल्यावर.

आणि राजीनाम्याआधी नियुक्तिपत्र काढून वाचा. नोकरीच्या कामाचा भाग म्हणून केलेल्या निर्मितीचा पहिला मालक कायद्याने नोकरी देणारी कंपनीच असते. तुमचं संगीत त्यात बसत नाही, पण काही कंपन्यांची कलमं 'नोकरीच्या काळात केलेलं सर्व काही' इतकी ऐसपैस असतात. कंपनीच्या लॅपटॉपवर एकही ट्रॅक उघडू नका.

साडेसात_मात्रा
मी उलट बाजूने बोलतो. तुम्हाला अडचण पैशाची नाही, दिवसाच्या तासांची आहे. मग नोकरी सोडण्याआधी तास मागून बघा: ७ ते ४ ची शिफ्ट, गणपती-नवरात्रात महिन्याची बिनपगारी रजा, परदेशी क्लायंटचा दुपारनंतर सुरू होणारा प्रोजेक्ट. टेस्टिंगमध्ये हे मिळू शकतं. शेवटच्या पर्यायात दिवसाची रेकॉर्डिंग सुटणार नाहीत, पण शो सुटतील, हे धरून चला.

दाखला म्हणून वसंतराव देशपांड्यांचं नाव निघतंच. ते पुण्यात संरक्षण खात्याच्या लेखा कार्यालयात वर्षानुवर्षं नोकरीला होते आणि गात होते, हे खरं. पण त्यावरून 'दोन्ही जमतं' असं म्हणणाऱ्यांनी गळा कोणाचा होता तेही बघावं.

शास्त्रीयवाल्यांनी वरचं गणित तसंच उचलू नये. तिथे कमाई उशिरा सुरू होते आणि रियाजाचे तास बिनमोबदला असतात. त्यांच्यासाठी नोकरी फार तर पाचला सुटणारी हवी. लोकसंगीत-शास्त्रीय सादरीकरणाच्या दीड लाखापर्यंतच्या मानधनाला जीएसटीतून सूट आहे, ती वाद्यवृंदाला लावून मोकळे होऊ नका. सरकारी नोकरीत अधूनमधूनचं कलाविषयक काम सेवानियमांत बसतं, नियमित धंदा बसत नाही.

काळी_चार
सगळ्यांचे आभार. शिफ्ट बदलून मागतो, नाही मिळाली तर मेमध्ये पत्र. एकच शंका: उत्पन्न जमेच्या ५० टक्के धरून कर भरायची सोय मला लागू होते का?

हिशेबनीस
चित्रपटासाठी संगीत देणारा 'फिल्म आर्टिस्ट' ही सोय असलेल्या व्यवसायांच्या यादीत आहे, तेव्हा लघुपटांचं मानधन बसवता येईल. मंचावरच्या कीबोर्डवादनाचं इतकं सरळ नाही, ते सीएला दाखवा. दोन्हींच्या पावत्यांवर कामाचं वर्णन वेगळं ठेवा, सगळीकडे नुसतं 'संगीत सेवा' लिहू नका. आणि राजीनाम्याच्या वर्षात एप्रिल ते जुलैचा पगारही त्याच विवरणपत्रात येईल, त्यामुळे आगाऊ कर लागतो का, तेही सीएला विचारा.