लसीच्या दिवशीच विकासाची तपासणी बसवायची आहे. कुठली चाचणी, कोणी करायची, पुढं कुठं पाठवायचं?

खानापूर_ओपीडी:

तालुक्याच्या गावातला छोटा बालरोग दवाखाना. संध्याकाळी ४०-४५ पेशंट, एक सिस्टर, एक कंपाउंडर. लसीकरण बुधवारी आणि शनिवारी सकाळी. "मान धरली का, बसतो का" हे तोंडी विचारलं जातं, पण ठरलेली चाचणी करून कागदावर नोंद होत नाही. ती आता सुरू करायची आहे.

अडचणी अशा. वेळ पाच-सात मिनिटांच्या वर मिळणार नाही. घरात मराठी, गल्लीत आणि अंगणवाडीत कन्नड, त्यामुळं बोलण्याचा प्रश्न आला की पालकही गोंधळतात आणि आपणही. आणि चाचणीत मूल मागं दिसलं तर त्याला पाठवायचं कुठं, बेळगावला की आणखी कुठं? रोज हे काम करणाऱ्यांनी नेमकं सांगावं.

टिळकवाडी_पेड्स:

डॉक्टर, चाचणी कुठली हा यातला सगळ्यात सोपा भाग. अवघड आहे ती वेळ नक्की करणं आणि मागं दिसलेलं मूल पुढच्या दारापर्यंत पोचलं का ते बघणं.

वेळ लसीला बांधा. दोन भेटी पक्क्या करा: ९ महिन्यांची गोवराची लस आणि १६ ते १८ महिन्यांचा बूस्टर. १५ महिन्यांच्या एमएमआरला (गोवर-गालगुंड-रुबेलाची लस) एम-चॅट, म्हणजे ऑटिझमची शक्यता चाळणारी पालकांसाठीची प्रश्नावली, उरकायचा मोह होतो, तो टाळा. ती प्रश्नावली १६ ते ३० महिन्यांसाठीच बनवलेली आहे.

९ महिन्यांना टीडीएससी घ्या. तिरुवनंतपुरमच्या मेडिकल कॉलेजमधल्या बालविकास केंद्रानं केलेला, जन्मापासून २ वर्षांपर्यंतचा १७ मुद्द्यांचा एक पानी तक्ता. मुलाच्या वयावर पेन्सिल उभी धरायची. पेन्सिलीच्या डाव्या बाजूला पूर्ण संपलेल्या पट्ट्यांतलं कुठलंही एक काम मुलाला जमत नसेल तर ते मागं आहे असं धरायचं. सामान म्हणजे घंटी किंवा खुळखुळा, चेंडू, बाहुली, पेन आणि चिमटीत उचलायला बारीक वस्तू. चिमटीसाठी बेदाणा किंवा मणी नको, घशात अडकतो. आपल्याकडचा चुरमुरा बरा, तोंडात गेला तर लगेच मऊ पडतो. एकच ठेवा आणि हाताशी बसा.

त्याची मर्यादाही माहीत असू द्या. मूळ अभ्यासात संवेदनशीलता साधारण ६७ टक्के होती, म्हणजे मागं असलेल्या तिघांपैकी एक मूल हातून सुटतं. शिवाय १७ मुद्द्यांत बोलण्याचा वाटा फार थोडा. म्हणून १८ महिन्यांना नुसत्या टीडीएससीवर थांबू नका, एम-चॅट-आर (एम-चॅटची सुधारित आवृत्ती) जोडा. २० प्रश्न, हो किंवा नाही. ० ते २ गुण ठीक, पण मूल २ वर्षांच्या आतलं असेल तर दुसऱ्या वाढदिवसानंतर पुन्हा घ्यायची. ३ ते ७ आले तर फॉलो-अप मुलाखत, आणि त्यातही २ किंवा जास्त राहिले तर पाठवायचं. ८ किंवा वर आले तर मुलाखतीत वेळ न घालवता थेट.

गुण मोजताना हमखास होणारी चूक: २, ५ आणि १२ हे प्रश्न उलटे आहेत, तिथं "हो" हे धोक्याचं उत्तर. सिस्टरनं पहिल्या दिवशीच फॉर्मवर त्या तीन आकड्यांभोवती गोल करून ठेवावा. भाषांतर स्वतः करू नका. अधिकृत संकेतस्थळावर जे आहे तेच, शब्द न बदलता छापा.

आणखी दोन गोष्टी. चाचणी सुई टोचण्याआधी घ्या. टोचल्यावर रडणारं मूल ना बाहुलीकडं बघतं ना बोलावल्यावर वळतं, आणि नसलेला दोष कागदावर चढतो. दुसरी, प्रश्न विचारून थांबू नका, उदाहरण मागा. "बोट करून दाखवतो का?" म्हटलं की आई "हो" म्हणते. "काल काय दाखवलं?" म्हटलं की कळतं, की तो आईचा हात धरून डब्याकडं नेतो. ते बोट करून दाखवणं नव्हे. सासू शेजारी बसलेली असली की "सगळं करतो" हे उत्तर ठरलेलं असतं, तेव्हा आईला वजनकाट्याकडं नेऊन तिथं विचारा.

श्रवण_वाचा:

भाषेचं बोलते.

दोन भाषांमुळं मूल उशिरा बोलतं, हा समज काढून टाका. मोजताना दोन्ही भाषांतले शब्द एकत्र धरा. मूल घरी "पाणी" म्हणतं आणि शेजारच्या अज्जीकडं "नीरु", तर ते दोन शब्द. "भू", "मम्" हेही शब्दच, एका वस्तूसाठी ठरून वापरत असेल तर. २ वर्षांना दोन्ही भाषा मिळून साधारण ५० शब्द आणि दोन शब्दांची जोडी ("बाबा गेले", "दूध दे") हवी. जोडीत एक शब्द मराठी आणि एक कन्नड असला तरी चालतो. मात्र १२ महिन्यांना बडबड नाही, बोट करणं नाही, १६ महिन्यांना एकही शब्द नाही, किंवा आलेले शब्द गेले, तर "घरात दोन भाषा आहेत म्हणून" हे कारण देऊन थांबायचं नाही. शब्द गेले हे कुठल्याही वयात तातडीचं.

पालकांना "आता एकच भाषा बोला" असंही सांगू नका. आईला नीट येणारी भाषा बंद केली की घरातलं बोलणंच आटतं. "मोबाइल बंद करा, बोलायला लागेल" हा सल्लाही अर्धाच. मोबाइल बंद करावाच, पण त्याच्या भरवशावर सहा महिने घालवले आणि मूळ दोष कानात निघाला, तर ते महिने परत येत नाहीत.

कानाबद्दल. "टाळी वाजवली तर वळतो" ही श्रवणचाचणी नाही. टाळीचा वारा लागतो, हात हललेला दिसतो, आणि वरच्या पट्टीतले आवाज न ऐकणारं मूलही दार आपटलं की दचकतं. उशिरा बोलणाऱ्या प्रत्येक मुलाची ओएई (आतल्या कानाचा प्रतिसाद मोजणारी चाचणी) आणि गरजेप्रमाणं बेरा (आवाज मज्जातंतूतून मेंदूकडं पोचतो का ते बघणारी) झालीच पाहिजे. एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) राहिलेल्या बाळाला नुसती ओएई पुरत नाही. कानाच्या मज्जातंतूचा दोष असेल तर ओएई पास होते आणि मूल तरीही ऐकत नाही. तिथं बेराच. वारंवार सर्दी-कान फुटणं असेल तर टिंपॅनोमेट्री (कानाच्या पडद्याची आणि मधल्या कानाची तपासणी) जोडा.

फॉर्म हातात देण्याआधी विचारा, "वाचायला कुठली भाषा येते?" सीमाभागात मराठी बोलणाऱ्या कितीतरी आया कन्नड शाळेत शिकलेल्या असतात, आणि गडहिंग्लज-चंदगडहून सून म्हणून आलेलीला कन्नड अक्षर येत नसतं. सोपा मार्ग म्हणजे सिस्टरनं वाचून दाखवायचं.

खानापूर_ओपीडी:

उपयोगी आहे. एक अडचण राहिली. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, बरेचदा महाराष्ट्रात. डिस्चार्ज कार्ड तिकडं राहतं, इथल्या तायी कार्डावर (कर्नाटकातलं माता-बाल कार्ड) जन्माची नोंद नसते. मूल किती आठवड्यांचं जन्मलं ते कळत नाही. मग वय कुठलं धरायचं?

टिळकवाडी_पेड्स:

सुधारित वय धरायचं, २ वर्षं पूर्ण होईपर्यंत. ४० मधून जन्माचे आठवडे वजा करायचे आणि तेवढं खऱ्या वयातून काढायचं. ३२ आठवड्यांच्या बाळाचे ८ आठवडे गेले, म्हणजे ९ महिन्यांच्या लसीला पेन्सिल ७ महिन्यांवर. लस मात्र जन्मतारखेप्रमाणंच, तिथं वजाबाकी नाही. ही गल्लत उलटीही होते.

कार्ड नसेल तर अपेक्षित तारीख विचारा, ती आईला बहुधा आठवते. मोबाइलमध्ये सोनोग्राफीच्या कागदाचा फोटो असतो, पहिल्या तिमाहीतला असेल तर उत्तम. "सातव्यात झालं" हे ऐकून आठवडे लिहू नका, आपल्याकडं महिने मोजायची पद्धत घराघरात वेगळी. माहेरी फोन लावून कार्डाचा फोटो मागवणं दोन मिनिटांचं काम आहे, ते लसीची आठवण करून देणाऱ्या फोनलाच जोडा.

फिजिओ_निपाणी:

हालचालींबद्दल थोडं, कारण इथं दोन्ही बाजूंनी चुका होतात.

रांगलं नाही म्हणून घाबरवू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात सुमारे ४ टक्के निरोगी मुलं हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत. त्याच अभ्यासात आधाराशिवाय बसण्याची वरची मर्यादा ९.२ महिने आणि एकट्यानं चालण्याची १७.६ महिने. म्हणजे १८ महिन्यांच्या बूस्टरला न चालणारं मूल "आमच्यात उशिराच चालतात" म्हणून सोडायचं नाही.

आणि "चालतो" म्हटलं की विचारा, पांगुळगाड्यात का मोकळा? चाकाच्या वॉकरमध्ये पाय मारणारं मूल चालत नसतं. उलट टाचा वर ठेवून पंजावर रेटायची सवय लागते, अपघात होतात ते वेगळेच.

एका वर्षाच्या आत एकच हात वापरतो हे "डावरा आहे" म्हणून हसण्यावारी नेलं जातं. त्या वयात हात ठरत नसतो. दुसरा हात कमजोर आहे का ते बघा, मूठ आवळलेली, अंगठा आत. कपडे काढूनच तपासा. बसवल्यावर पाठ फार वाकते का, पाय कात्रीसारखे येतात का, हे अंगावर स्वेटर-टोपी असताना दिसत नाही.

आरोग्य_पथक_बेळगाव:

पाठवायचं कुठं, त्याबद्दल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. त्याची फिरती पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा जातात, आणि पुढची तपासणी जिल्ह्याच्या डीईआयसीत, म्हणजे मुलांतले विकासदोष लवकर ओळखून उपचार करणाऱ्या केंद्रात. खाजगी दवाखान्यातून आलेलं मूलही तिथं चालतं, पथकाच्या चिठ्ठीसाठी थांबवून ठेवू नका. चिठ्ठीवर नुसतं "डिले" लिहू नका. कुठली चाचणी, कुठल्या वयाला, कुठले मुद्दे जमले नाहीत, सुधारित वय, कान तपासला का, एवढं लिहिलं तर पहिल्याच फेरीत योग्य टेबलावर जातं. खानापूरच्या पलीकडच्या जंगलपट्टीतल्या गावांतून एक फेरी म्हणजे अख्ख्या दिवसाची मजुरी, दुसरी फेरी होतेच असं नाही.

पत्ता विचारा. चंदगडचं कुटुंब बेळगावला तपासायला येऊ शकतं, पण राज्याच्या योजना पत्त्याप्रमाणं जातात. नेहमीची थेरपी जवळ पडेल तिथं लावा.

जून-जुलैत रोप लावणीच्या वेळी येणारी माणसं कमी होतात. त्या काळातली पाठवणी लांबू द्यायची नाही, निदान तारीख ठरवून फोन करायचा.

टिळकवाडी_पेड्स:

हेच मला म्हणायचं होतं. एक वही करा, रकाने असे: नाव, जन्मतारीख, जन्माचे आठवडे, चाचणी व तारीख, निकाल, कुठं पाठवलं, पोचले ती तारीख, फोन कोणी केला. शेवटून दुसरा रकाना रिकामा असलेली नावं शनिवारी लसीकरण संपल्यावर सिस्टरनं वाचायची आणि फोन लावायचे. हा रकाना नसलेल्या वहीत नुसते आकडे जमतात.

पाठवण्याआधी ओपीडीतच करायच्या दोन गोष्टी: टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी) आणि हिमोग्लोबिन. शाकाहारी घरातलं, बहुतेक अंगावरच्या दुधावर असलेलं ८-१० महिन्यांचं बाळ सुस्त झालं, हसणं-बसणं गेलं, केस विरळ, बोटांच्या सांध्यांवर काळपटपणा, हातांना कंप, तर बी-१२ आठवा. रक्त आधी काढा, मग इंजेक्शन. नुसती फॉलिक अॅसिडची गोळी देऊन बसू नका, रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि मेंदूचं नुकसान चालू राहतं. आईचंही बी-१२ बघा.

पालकांना काय सांगायचं तेही ठरवून ठेवा, नाहीतर घाईत "मंद आहे" असा शब्द निघतो आणि ते परत येत नाहीत. "काही गोष्टी वयाच्या मानानं मागं आहेत. का, ते तपासून घेऊ. तोवर घरी हे-हे करा." निदानाचं नाव चाचणीच्या टेबलावर घ्यायचं नाही. निदानाची वाट बघत थेरपीही थांबवायची नाही, दोन्ही सोबत सुरू होतात.

खानापूर_ओपीडी:

पुढच्या बुधवारपासून ९ महिन्यांच्या बाळांना सुरू करतो, १८ महिन्यांचं महिनाभरानं, सिस्टरचा हात बसल्यावर. लसीला आलेल्यांना आत घेण्याआधी बाहेरच्या बाकावर चाचणी होईल. चुरमुरे बाजारातले आणले तर चालतील का?

फिजिओ_निपाणी:

बाहेरचा बाक नको. येणारी-जाणारी माणसं बघण्यात मूल तुमच्या घंटीकडं वळणार नाही. आत कोपऱ्यात सतरंजी टाका, आई समोर, घंटी मुलाच्या कानाच्या बाजूला हातभर अंतरावर, नजरेआड. चुरमुरे साधे घ्या, तिखट-मीठ लावलेले नकोत.