पावसाळाभर उभ्या असलेल्या कॅम्पर व्हॅनमध्ये उंदीर: कुठून आणि कसं बंद करायचं?

धायरी_ट्रॅव्हलर:
टेम्पो ट्रॅव्हलरची कॅम्पर आहे. जून ते सप्टेंबर पुण्यात धायरीत मोकळ्या प्लॉटवर, कंपाउंडच्या भिंतीला लागून उभी असते. ओट्याखालच्या खणात तांदळाच्या दाण्याएवढ्या लेंड्या सापडल्या, गादीचा कोपरा कुरतडलाय. वायरिंग अजून शाबूत आहे. डांबरगोळ्या आणि तंबाखूच्या पुड्या ठेवून झाल्या. सुरुवात कुठून करू?

पाना_पक्कड:
एवढ्या बारीक लेंड्या म्हणजे घरातला छोटा उंदीर. त्याला 6 मिमीची फट पुरते. जिथून पेन्सिल जाते तिथून तो जातो असं धरून चाला. वासाच्या वस्तूंवर भिस्त ठेवू नका. वास विरतो, आणि आत घरटं झालं की उंदीर त्याला दाद देत नाही.

अंधार पडला की आतले सगळे दिवे लावा, खण उघडे टाका आणि गाडीखाली आडवे होऊन वर बघा. जिथून उजेडाची तिरीप येते तिथे खडूने खूण करा. पेडलच्या आजूबाजूला, गिअर लिव्हरचं रबर, हँडब्रेकची केबल, एसीच्या पाण्याची नळी, बेसिनचा पाइप या जागा हमखास निघतात. गाडीची कॅम्पर बनवताना पाइपपेक्षा मोठं होल मारून उरलेली फट फोमने भरलेली असते. नुसता फोम उंदीर सहज पोखरतो. तो काढून स्टेनलेसच्या तारेची घासणी घट्ट कोंबा आणि वरून पीयू (पॉलीयुरेथेन) सीलंट मारा. साधी लोखंडी वूल नको, पावसाळ्यात गंजून तिचा भुगा होतो.

वायरच्या होलात घासणी थेट कोंबू नका. गाडीच्या हादऱ्यांनी तार इन्सुलेशनवर घासत राहते आणि शॉर्ट होतो. आधी रबरी ग्रोमेट (होलाच्या कडेवर बसणारी कडी), वायरवर कन्ड्यूट (संरक्षक नळी), मग बाहेरून घासणी. पेडल किंवा केबलसारख्या हलत्या भागापाशी काहीच कोंबायचं नाही. तिथे नवा रबरी बूट (लवचिक आवरण) आणि त्याभोवती पत्र्याची चकती बसवा. ग्रोमेट, बूट नाना पेठेत मिळतील, जाळी बोहरी आळीत.

घाटवाट:
एक गोष्ट जिवाची आहे, म्हणून वेगळी लिहितो. सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाशी असलेलं भोक बुजवायचं नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर तो तिथूनच खाली निघून जातो. त्यावर 5 मिमी भोकांची स्टेनलेस जाळी रिव्हेटने बसवा. फ्रिजच्या व्हेंटलाही तेच.

काचेखालच्या ब्लोअरच्या हवेच्या तोंडालाही जाळी लावा, पण वायपरची लिंकेज (वायपर हलवणारे दांडे) अडकत नाही ना ते हाताने फिरवून बघा. पावसात तिथे पाला साचला की पाणी केबिनमध्ये उतरतं, तेव्हा दर आठवड्याला साफ करा. गाडी भिंतीपासून मीटरभर लांब घ्या, गवत कापा, वरून टेकणारी फांदी तोडा.

धायरी_ट्रॅव्हलर:
धन्यवाद. आत राहिलेल्यांसाठी विषाच्या वड्या चालतील का?

पाना_पक्कड:
गाडीत नकोच. बाजारातल्या बहुतेक वड्या रक्त गोठू न देणाऱ्या विषाच्या असतात. उंदीर काही दिवसांनी मरतो, तोही पॅनेलच्या मागे. मग प्लाय उचकटल्याशिवाय वास जात नाही. बाहेर जाऊन मेला तर त्याला खाणारं मांजर किंवा गव्हाणी घुबडही दगावू शकतं.

भोकं बुजवून झाली की स्प्रिंगचे चार-पाच सापळे भिंतीला काटकोनात, आमिषाची बाजू भिंतीकडे करून लावा. सुक्या खोबऱ्याचा तुकडा दोऱ्याने बांधा, नाहीतर सापळा न पडताच तो पळवतात. रोज बघणं जमणार असेल तरच लावा. वाट सापडत नसेल तर तळाला टाल्कम पावडरचा पातळ थर द्या, सकाळी पावलं दिसतात. पीठ नको, ते खातात.

घाटवाट:
लेंड्या कोरड्या झाडू नका, व्हॅक्यूमही नको. हातमोजे घाला, दारं अर्धा तास उघडी ठेवा. घरगुती ब्लीच 1 भाग, पाणी 9 भाग, हे शिंपडून दहा मिनिटं भिजू द्या आणि कागदाने टिपून पिशवीत बांधून टाका. उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) होतो, ओलसर जागेत त्याचे जंतू टिकतात. कुरतडलेली गादी धुवत बसू नका, टाकून द्या.