आधी बेअरिंगं की आधी क्रॅश गार्ड? अ‍ॅडव्हेंचर टूररच्या तयारीवरून

धुळवाट
कच्च्या रस्त्यालाही चालणाऱ्या लांब पल्ल्याच्या बाइकबद्दल (अ‍ॅडव्हेंचर टूरर) एक पोस्ट सध्या सगळीकडे फिरतेय: 'अ‍ॅडव्हेंचर टूरर घेतलीत? लांबच्या प्रवासाआधी हे सात बदल कराच.' यादी अशी: अ‍ॅल्युमिनियमच्या पेट्या, चहूबाजूंनी क्रॅश गार्ड, ६० वॅटचे दोन जादा दिवे, चेनचं पुढचं स्प्रॉकेट (दातेरी चाक) एक दात कमी, हँडलखाली ३० मिमीचे रायझर (हँडल उंच करणारे ठोकळे), तेल लावायचा कापडी एअर फिल्टर आणि स्पोकच्या चाकांना आतून टेप लावून ट्यूबलेस. देखभालीबद्दल अख्ख्या पोस्टमध्ये एक ओळ नाही. लोक ही यादी घेऊन थेट गॅरेजात जातात, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी वजन. दोन पेट्या प्रत्येकी ५ किलोच्या आसपास, त्यांचे रॅक ४-५ किलो, गार्ड ५ ते ७, इंजिनखालची बॅश प्लेट ३-४. आत एक सदरा ठेवायच्या आधीच वीसेक किलो चढले. गाडीच्या पुस्तकात कमाल अनुज्ञेय वजन दिलेलं असतं. त्यातून पेट्रोलसकट गाडीचं वजन वजा करा, उरेल ते चालवणारा, मागे बसणारा, सामान आणि हे सगळे लोखंडी दागिने मिळून. दोन माणसं बसली की बऱ्याच गाड्यांत शिल्लक फारशी राहत नाही. त्यात पेट्यांचं वजन मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे लटकतं, पुढचं चाक हलकं पडतं आणि वेगात हँडल डोलायला लागतं. मग लोक स्टिअरिंग डँपर (हँडलचं डोलणं दाबणारा शॉक) शोधत फिरतात.

पहिलं काम सॅग (वजनाने सस्पेन्शन किती बसतं ते) मोजण्याचं. त्याला लागते फक्त एक मोजपट्टी आणि एक मदतनीस. मागचं चाक हवेत उचलून अ‍ॅक्सलपासून सरळ वर शेपटीवरच्या एका खुणेपर्यंतचं अंतर घ्या. मग गाडी स्वतःच्या वजनावर उभी करून तेच अंतर, आणि शेवटी पूर्ण पोशाखात, सामानासकट बसून परत तेच. पहिल्या आणि तिसऱ्या मापातला फरक एकूण ट्रॅव्हलच्या (चाक वर-खाली जितकं हलू शकतं त्या अंतराच्या) ३० ते ३३ टक्के हवा. म्हणजे २०० मिमी ट्रॅव्हलला ६० ते ६६ मिमी. तो जमवायला प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) इतका आवळावा लागला की नुसत्या गाडीच्या वजनावर सस्पेन्शन जवळजवळ बसतच नाही, तर स्प्रिंगच तुमच्या ओझ्याला मऊ आहे. प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही, गाडीची उंची फक्त बदलते. हे कितीदा सांगायचं?

दुसरं काम ग्रीस. स्टिअरिंगची बेअरिंगं, स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) पिव्हट, मागच्या शॉकच्या लिंकेजची नीडल (सुईसारख्या रोलरची) बेअरिंगं. कारखान्यातून यांत बऱ्याचदा अगदी जेमतेम ग्रीस येतं. पाण्यात गाडी घातली आणि वर प्रेशर वॉशर मारला की सुयांना तांबडा गंज धरतो, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश डावीकडून उजवीकडे फिरवा. मधोमध खाचेत बसल्यासारखं अडकलं तर बेअरिंग गेलं, ते कितीही आवळून बरं होत नाही.

हे झाल्याशिवाय सातपैकी एकही बदल करू नये, असं माझं ठाम मत आहे.

बारातेरा
ग्रीस आणि सॅगबद्दल शंभर टक्के सहमत. पण गार्डला 'लोखंडी दागिने' म्हणणं मान्य नाही, आणि नवख्या माणसाला ते वाचून गैरसमज होईल.

दोनशे किलोची उंच गाडी पहिल्यांदा आडवी होते ती बहुधा उभ्याउभ्या किंवा चालायच्या वेगात. तेवढ्या पडण्याने क्लच कव्हरला तडा जाऊ शकतो. तेल गेलं की प्रवास तिथेच संपला, बेअरिंगं कितीही गुळगुळीत असोत. त्यामुळे इंजिन गार्ड, धातूचा कणा असलेले हँडगार्ड आणि बॅश प्लेट पहिल्या दिवसापासून हवेत. पेट्यांबद्दल तुमच्याशी भांडत नाही. मातीत पाय टेकताना पाय पेटीखाली सापडतो, म्हणून कच्च्या रस्त्याला मऊ बॅगाच.

गार्ड बसवताना होणाऱ्या चुका मात्र लिहायला हव्यात. बरेच गार्ड इंजिन माउंटच्या बोल्टवर बसतात. ते सगळे बोल्ट एकदम काढायचे नाहीत. इंजिनखाली जॅक लावून, मध्ये लाकडाचा ठोकळा ठेवून, एकेक बोल्ट बदलायचा. आधी सगळे हाताने लावायचे, मग पुस्तकातल्या टॉर्कला (आवळायच्या ठरलेल्या जोराला). गार्ड भोकात सहज बसत नसेल तर पहारीने ओढून बसवू नका, तो ताण कायम माउंटवर राहतो. मध्यम ताकदीचं निळं थ्रेडलॉकर (बोल्ट ढिला होऊ न देणारा गोंद) लावा आणि पाचेकशे किलोमीटरनंतर परत टॉर्क तपासा. एकाच बिंदूवर टेकलेला लांब गार्ड पडल्यावर तरफेसारखा वागतो आणि इंजिनचा कानच (माउंटचा बोल्ट बसतो तो भाग) मोडतो. डावी-उजवी बाजू जोडणारी आडवी नळी असलेला घ्या.

लिव्हर वाचवायच्या असतील तर त्यांच्या क्लँपखाली टेफ्लॉन टेपचे दोन वेढे द्या आणि क्लँप बेताचा आवळा. पडल्यावर लिव्हर मोडण्याऐवजी फिरते.

करंट
६० वॅटचे दोन दिवे! ही यादी लिहिणाऱ्याने स्टेटरची (इंजिनवर वीज तयार करणाऱ्या भागाची) क्षमता पाहिलीय का?

१२० वॅट म्हणजे साडेतेरा व्होल्टला जवळजवळ ९ अँपिअर. समजा स्टेटर ३०० वॅटचा आहे. तो आकडा वरच्या आरपीएमचा, आयडलला यातलं बरंच कमी मिळतं. पंप, इंजेक्टर, इग्निशन, हेडलाइट, एबीएस मिळून गाडी स्वतःच १८०-२०० वॅट खाते असं धरा. वर गरम ग्रिप ३५-४० वॅट आणि फोनचा चार्जर. आता १२० कुठून आणणार? दिवसभर हळू कच्च्या रस्त्याने गेलात, पंखा सारखा चालू राहिला की संध्याकाळी बॅटरी बसलेली. २० वॅटचे दोन चांगले एलईडी, नीट रोखलेले, पुरतात.

जोडणीत तडजोड नको. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज, तिथून रिलेचं (इशाऱ्यावर चालू-बंद होणाऱ्या स्विचचं) ३० नंबरचं टोक, दिव्याकडे ८७. ८५ ला अर्थिंग, ८६ ला पार्किंग लाइटची तार, म्हणजे चावी काढली की दिवे बंद. निळ्या रंगाचे ते चिमटे-जोड, जे तारेचं आवरण कापून आत घुसतात, ते गाडीवर वापरू नका. ते तांब्याचे धागे तोडतात, उरलेल्यात पाणी शिरून हिरवा गंज चढतो आणि बिघाड अधूनमधून येतो. असा बिघाड शोधणं सगळ्यात अवघड. क्रिंप करा, वर आतून गोंद असलेली हीटश्रिंक नळी चढवा. कॅन बसच्या (सगळे भाग एकाच डेटा-तारेवर बोलतात अशा) गाड्यांत मूळ दिव्याच्या तारेतून भार ओढला की कंट्रोलर तो बिघाड समजून सर्किट बंद करू शकतो. तिथे रिलेला फक्त इशारा द्यायचा, प्रवाह बॅटरीतूनच.

घाटउतार
इतरांचं माहीत नाही, पण त्या यादीतला एक मुद्दा सोळा आणे खरा आहे: ट्यूब काढा. धागाकर्त्याने तोही सरसकट त्याच माळेत ओवला.

ट्यूबचं चाक पंक्चर झालं की चाक काढा, बीड (टायरची रिमवर बसणारी कड) रिमपासून सोडवा, टायर लिव्हर घाला, ट्यूब ओढा, ठिगळ, परत सगळं उलट. सरावलेल्या हाताला अर्धा-पाऊण तास. घाईत लिव्हरने नवी ट्यूब चिमटली तर पहिल्यापासून. ट्यूबलेसला भोक साफ करायचा रीमर, चिकट दोरी (प्लग), पंप, दहा मिनिटांत काम झालं, आणि चाक काढायचं नाही. मुख्य म्हणजे सुरक्षितता. ट्यूब फाटली की हवा स्पोकच्या भोकांतून काही क्षणांत निघून जाते. ट्यूबलेसमध्ये खिळा रुतूनही हवा बहुतेक वेळा हळू उतरते, गाडी बाजूला घ्यायला वेळ मिळतो.

धुळवाट
आणि रिमचं काय? ट्यूबलेस रिमला बीडच्या आत उंचवटा असतो. हवा कमी झाली तरी टायरची कड त्याच्यामुळे जागेवर राहते. एमटी लिहिलेल्या रिमना तो असतो, डब्ल्यूएम लिहिलेल्यांना नसतो. २१ इंची पुढच्या रिम बहुतेक बिनउंचवट्याच्या. त्यावर टेप लावून हवा २० पीएसआयला आणली, वळणावर दगड लागला, की बीड मधल्या खोलगट भागात घसरणार आणि सगळी हवा एका दमात जाणार. पुढच्या चाकाची. याला तुम्ही सुरक्षितता म्हणता?

घाटउतार
डब्ल्यूएम रिमवर टेप लावा असं मी कुठे लिहिलं? मी न लिहिलेलं माझ्या तोंडी घालून त्याला उत्तर देऊ नका.

मागच्या, उंचवटा असलेल्या रिमचं बोलतोय. आधी चाक ट्रू (डगमग काढून सरळ) करून स्पोकचा ताण सारखा करून घ्यायचा. स्पॅनरने हलकं टिचकी मारत जा, स्वर सारखा आला पाहिजे, भद्द आवाज म्हणजे ढिला स्पोक. निपलच्या (स्पोक रिमला आवळणाऱ्या नटाच्या) बाहेर आलेली स्पोकची टोकं घासून सपाट करायची. गंज, जुना रबर खरवडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं. फडकं स्वच्छ निघेपर्यंत पुसा, बहुतेक टेपा इथेच फसतात. प्रत्येक निपलवर सीलंटचा थेंब, पूर्ण वाळायला २४ तास. मग मधल्या खोलगट भागाच्या रुंदीची टेप, ताण देऊन, बुडबुडे दाबून बाहेर काढत. टेप बीडच्या बैठकीवर चढता कामा नये. रबरी वॉशरचा ट्यूबलेस व्हॉल्व्ह. टायर चढवून ४० पीएसआयला बीड बसवा, साबणाचं पाणी मारा आणि रात्रभर ठेवा.

बारातेरा
सगळं बरोबर, पण कच्च्या रस्त्याने दोन-तीन हजार किलोमीटर गेल्यावर स्पोक परत आवळावे लागतात. निपल फिरला की सीलंट तुटतं. मग?

घाटउतार
मग टेप नवी लावायची. हो, कटकट आहे. स्पोक कडेला जोडलेली मूळची ट्यूबलेस रिम मिळाली तर तीच घ्यावी, हेही कबूल.

सावळी
दोघेही एक गोष्ट विसरताय. टेप लावली तरी एक सुटी ट्यूब आणि टायर लिव्हर सोबत ठेवाव्याच लागतात. दगडाने रिमला पोचा पडला की ट्यूबलेस तिथून हवा सोडत राहते, प्लगचा उपयोग शून्य. ट्यूब घालून तीच रिम पुढे नेता येते. म्हणजे 'चाक काढायचं नाही' हा फायदा निम्माच. चाक काढायला शिकावंच लागतं, मधलं स्टँड नसलेल्या गाडीवरसुद्धा.

ट्यूबवाल्यांसाठी: व्हॉल्व्हचा नट रिमला टेकवून आवळू नका. कमी हवेवर टायर रिमवर थोडा सरकतो, सोबत ट्यूब सरकते, आणि नटाने धरून ठेवलेला व्हॉल्व्ह मुळापासून फाटतो. नट टोपणाच्या बाजूला सैल ठेवला की व्हॉल्व्ह तिरका होतो आणि सरकल्याचं आधीच कळतं. कच्च्याला हवा उतरवायची ती ट्यूबवर २२ ते २५ पीएसआयपर्यंत. आणखी खाली गेलात, त्यात सामान असेल, तर दगडावर ट्यूब रिममध्ये चिमटून दोन समांतर चिरा पडतात. आणि डांबरावर आल्याबरोबर परत भरा. कमी हवेवर वेगात टायर तापतो.

मोकळी चेन
टायरवर इतकं लिहून झालं, स्प्रॉकेटला कोणी हातच लावला नाही. पुढचे दात १५ चे १४ केले, मागे ४५ तर गुणोत्तर ३.०० वरून ३.२१. त्याच वेगाला इंजिन सात टक्के जास्त फिरणार. चढाला, हळू चालण्याला छान. पण लहान स्प्रॉकेटवर चेन जास्त वाकते, स्विंगआर्मच्या रबरी स्लायडरवर जास्त घासते, आणि ज्या गाड्यांत वेगाचा सेन्सर गिअरबॉक्सवर आहे तिथे स्पीडोमीटर चुकतो. पेट्या भरून सतत हमरस्त्याने जाणाऱ्याला हा बदल तोट्याचा आहे.

त्याहून मोठी चूक चेनच्या ढिलाईची. लांब ट्रॅव्हलच्या गाडीत चेन सगळ्यात घट्ट होते ती पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा पिव्हट आणि मागचा अ‍ॅक्सल एका रेषेत आल्यावर. सामान चढवलं की ती अवस्था खड्ड्याखड्ड्याला येते. रिकाम्या गाडीवर 'छान टाइट' दिसणारी चेन तेव्हा आउटपुट शाफ्टच्या (पुढचं स्प्रॉकेट बसतं त्या दांड्याच्या) बेअरिंगला खेचते, ऑइल सील गळायला लागतं. रॅचेट पट्ट्याने गाडी दाबून तिन्ही केंद्रं एका रेषेत आणा, तिथे १० ते १५ मिमी ढील ठेवा, मग पट्टा सोडून साइड स्टँडवर किती दिसते ते मोजून लिहून ठेवा. पुढे तोच आकडा पाळायचा. चाक फिरवून सगळ्यात घट्ट जागी मोजा, चेन सगळीकडे सारखी झिजत नाही.

धुवायला केरोसीन आणि मऊ ब्रश. पेट्रोल आणि तारेचा ब्रश चेनमधल्या ओ-रिंगांचं (रबरी कड्यांचं) वाटोळं करतात.

धुळवाट
चेनवालं सगळं मान्य. गार्डच्या बाबतीत माघार घेतो. इंजिन गार्ड आणि हँडगार्ड बेअरिंगांच्या बरोबरीने, पण टाकीला वेढा घालणारा वरचा सांगाडा नाही. रायझर बसवणाऱ्यांनी निदान हँडल दोन्ही टोकांना फिरवून, फोर्क (पुढचं सस्पेन्शन) पूर्ण लांबलेला असताना, ब्रेकचा होज आणि क्लच केबल ताणत नाही ना ते बघावं. ३० मिमीला बऱ्याच गाड्यांत केबल अपुरी पडते. आणि धुळीच्या रस्त्याला कापडी फिल्टरच्या भानगडीत पडू नका. तेल कमी पडलं की बारीक धूळ थेट आत. मूळचा कागदी फिल्टर वेळेवर बदला, त्याच्या कडेला ग्रीसचा पातळ थर द्या, आणि फिल्टरच्या पलीकडची नळी पांढऱ्या फडक्याने पुसून बघा. फडकं मळलं तर फिल्टर नीट बसत नाही.

पुढच्या २१ इंची चाकाला टेप लावू नये, यावर मात्र हटणार नाही.

घाटउतार
पुढे ट्यूब राहू द्या. मागे टेप, तीही फक्त एमटी रिमला. यापुढे वाद घालायचा नाही.

करंट
टेप लावा नाहीतर ट्यूब ठेवा, हवा कशाने भरणार? छोटा कंप्रेसर ८ ते १५ अँपिअर ओढतो. हँडलजवळच्या सॉकेटचा फ्यूज बऱ्याचदा ५ किंवा १० चा असतो, तो पहिल्याच टायरला उडणार. बॅटरीवरून १५ अँपिअर फ्यूजसकट वेगळी जोडतार काढा, कंप्रेसर तिच्यावरच लावा. इंजिन चालू ठेवून भरा, आणि मागचा मोठा टायर शून्यापासून भरताना मध्ये दोन-तीन मिनिटं थांबा, नाहीतर कंप्रेसरचा पिस्टन तापून अडकतो.