मदत हवी आहे: आजीच्या खाणावळीवरची डॉक्युमेंटरी महोत्सवांना पाठवू की थेट यूट्यूबवर टाकू?

नमस्कार मंडळी,

मी करी रोडला राहते, लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी शूट करून आजीवर २२ मिनिटांची डॉक्युमेंटरी केली आहे. आजी लालबागच्या एका खोलीत गिरणी कामगारांची खाणावळ चालवायची. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तेव्हा तिच्याकडे तीसेक माणसं जेवायला होती. पगार थांबले, पण तिने कुणाचं ताट बंद केलं नाही. उधारीची वही अजून तिच्या ट्रंकेत आहे.

फिल्म तयार आहे, पुढचं कळत नाहीये.

फिल्मफ्रीवेवर खातं काढलं. एकदा फिल्म चढवली की तिथूनच हव्या त्या महोत्सवांना पाठवता येते. पण पुष्कळ ठिकाणी फी डॉलरमध्ये, आणि शेवटची तारीख जवळ येईल तशी ती वाढते. शिवाय अनेकांची अट, की फिल्म आधी ऑनलाइन सगळ्यांसाठी खुली झालेली नसावी. म्हणजे निकाल लागेपर्यंत थांबायचं. आजी ८६ वर्षांची आहे. फिल्ममध्ये बोललेल्या तिच्या मेंबरांपैकी दोघे शूटिंगनंतर गेले.

यूट्यूबवर आजही टाकता येईल. जाहिरातींतला वाटा मिळायला १००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४००० तासांचा वॉचटाइम लागतो. म्हणजे माझी एवढी एकच फिल्म जवळपास ११ हजार वेळा शेवटपर्यंत पाहिली गेली पाहिजे. ते होणार नाही हे मला कळतं, तिथे पैशांसाठी टाकणारच नाही.

तिसरं म्हणजे शॉर्टफिल्म दाखवणाऱ्या एका कंपनीचा मेल आलाय. आधी पैसे नाहीत, 'खर्च वजा जाता' निम्मा वाटा. खर्च कोण ठरवणार ते लिहिलेलं नाही. हक्क मात्र कायमचे, जगभरातले, सगळ्या माध्यमांचे. उद्या आमच्याच मंडळात फिल्म दाखवायला मी त्यांची परवानगी मागायची? वाचून रात्रभर झोप लागली नाही.

चाळीत दाखवली तर प्रीमियर, म्हणजे पहिल्या जाहीर प्रदर्शनाचा मान, जातो का? आणि करारात काय बदलून मागू? अनुभव असेल त्यांनी प्लीज सांगा.

प्रतिसाद

ताई, आहे तशी सही अजिबात करू नका. हक्क नॉन-एक्सक्लुझिव्ह (म्हणजे फिल्म तुम्हाला इतरांनाही देता येईल असे), ठरावीक मुदतीचे आणि फक्त ऑनलाइनपुरते द्या. करारात मुदतच लिहिली नसेल तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ती ५ वर्षं धरतात. 'कायमचे' असं लिहून दिलंत की तो आधारही जातो. खर्चाला रुपयांत कमाल मर्यादा लिहून घ्या, नाहीतर वाटा कागदावरच राहतो.

दहा ठिकाणी फी भरत बसू नका. माहितीपटांना मान असलेले महोत्सव निवडा. आपल्याच शहरातला मिफ, म्हणजे मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, १९९०पासून माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनपटांसाठी भरतो, तिरुवनंतपुरमला केरळचा माहितीपट आणि लघुपटांचा महोत्सव आहे. लिंक व्हिमिओवर पासवर्ड लावून पाठवा. यूट्यूबचं 'अनलिस्टेड' पुरेसं नाही, लिंक हाती लागली की कुणीही पाहू शकतं.

घरच्यांना आणि फिल्ममधल्या माणसांना बिनतिकीट दाखवणं सहसा प्रीमियरमध्ये धरत नाहीत. तरी पाठवायच्या आधी आयोजकांना मेल करून विचारा, लेखी उत्तर जपून ठेवा.

धागाकर्ती

खूप खूप आभार. कंपनीला बदल कळवले, मिफला मेल टाकला. उत्तर आलं की चाळीच्या गच्चीवर चादर बांधून पहिला खेळ करते. आजीला दोन जिने चढवायला भाऊ येतोय.