मायकेल जे. फॉक्स: सात वर्षं पार्किन्सन्स लपवून अभिनय कसा केला?

रातराणी:
सध्या 'स्पिन सिटी' या अमेरिकन विनोदी मालिकेचे जुने भाग बघतेय. काल त्यानंतर तिच्यातला मुख्य नट मायकेल जे. फॉक्स याची अलीकडची एक मुलाखत बघितली आणि धक्काच बसला. मान, खांदे, पाय, काहीच एका जागी राहत नव्हतं. पार्किन्सन्सचं (हालचालींवर परिणाम करणारा मेंदूचा आजार) निदान झालं १९९१ साली आणि त्याने ते जाहीर केलं १९९८ च्या नोव्हेंबरात. म्हणजे या मालिकेचे पहिले दोन सीझन त्याने आजार लपवून केले! मला तर एकही खूण दिसली नाही. कसं जमवलं असेल? आणि आता एवढं हलतो म्हणजे औषधं लागू पडेनाशी झालीत का?

पानगळ:
माझ्या आईला पार्किन्सन्स आहे, त्यामुळे हा माणूस काय बोलतो ते मी कान देऊन ऐकते. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगते, कारण हा गैरसमज खूप जणांचा असतो.

मुलाखतीत दिसतं ते झुलणं, वळवळणं बहुतांशी आजाराचं नाही, औषधाचं आहे. त्याला डिस्कायनेशिया म्हणतात. लेव्होडोपा हे पार्किन्सन्सवरचं मुख्य औषध वर्षानुवर्षं घेतलं की अनेकांना तो होतो. मूळ आजार करतो ते वेगळंच: हात स्वस्थ ठेवला की थरथरतो, अंग ताठरतं, हालचाल मंदावते, चेहऱ्यावरचे भाव जातात. आई सकाळच्या गोळीआधी ब्लाऊजचं हुक लावायला बसते तेव्हा बोटं हुकापर्यंत पोचतात आणि तिथेच थिजतात. गोळी लागू पडली की तीच बोटं हुक लावतात, पण तोवर खांदा झुलायला लागलेला असतो. बघणाऱ्याला वाटतं, आता त्रास वाढला. आईला विचारा, ती म्हणेल आता कुठे बरं वाटतंय. थिजून बसण्यापेक्षा झुलणं परवडलं, असं म्हणणारे पेशंट पुष्कळ आहेत.

हे माहीत नसलं की माणसावर किती अन्याय होतो बघा. २००६ मध्ये फॉक्सने स्टेम सेल संशोधनाच्या बाजूने एका निवडणुकीच्या जाहिरातीत काम केलं. त्यात तो खूप हलत होता. रश लिम्बॉ या रेडिओवाल्याने सरळ आरोप केला की हा नाटक करतोय, नाहीतर मुद्दाम औषध न घेता आलाय. खरं तर तो औषध घेऊनच बसला होता, ते हलणं औषधाचंच होतं. मला त्या प्रकाराचा अजून राग येतो.

आता लपवण्याबद्दल. सुरुवात १९९० मध्ये झाली. सिनेमाच्या शूटिंगसाठी फ्लोरिडात असताना एका सकाळी डाव्या हाताची करंगळी आपोआप हलताना त्याला दिसली. निदान झालं तेव्हा वय २९. पुढे 'स्पिन सिटी' करताना गोळीची वेळ अशी साधायची की कॅमेरा सुरू होईल तेव्हा ती पूर्ण भरात असेल. डाव्या हातात काहीतरी धरायचं, वस्तूंशी चाळा करायचा. त्यात ही मालिका स्टुडिओत बसलेल्या प्रेक्षकांसमोर व्हायची. गोळीला उशीर झाला की प्रेक्षक ताटकळत आणि हा आत हात थांबायची वाट बघत. विनोदी मालिकेत टायमिंग हेच सगळं, आणि याचं निम्मं लक्ष हाताकडे! १९९८ च्या मार्चमध्ये डाव्या बाजूच्या कंपासाठी मेंदूची शस्त्रक्रियाही करून घेतली. तीसुद्धा लोकांना न कळवता.

पुन्हा भाग बघाल तेव्हा डाव्या हाताकडे लक्ष ठेवा.

कोरा_कागद:
छान लिहिलंत. करिअरबद्दल थोडी भर घालतो. 'फॅमिली टाईज' या आधीच्या मालिकेसाठी त्याला ओळीने तीन एमी (अमेरिकन टीव्हीचे पुरस्कार) मिळाले होते. चौथा 'स्पिन सिटी'साठी २००० मध्ये मिळाला, म्हणजे आजार जाहीर केल्यानंतर, आणि त्याच वर्षी त्याने मालिका सोडली.

माझ्या मते त्याचं सगळ्यात धीट काम 'द गुड वाईफ' या मालिकेतला वकील लुई कॅनिंग. या पात्रालाच हालचालींचा आजार आहे आणि ज्युरीची सहानुभूती मिळवायला तो त्याचा बेधडक वापर करतो. आजारी माणूस म्हणजे बिचारा, हे तिथे पार उडवून लावलंय. २०२० मध्ये मात्र फॉक्सने अभिनय थांबवला. संवाद लक्षात राहीनात, हे त्याने स्वतः लिहिलंय.

रातराणी:
दोघांचेही आभार. काल रात्री लगेच दोन भाग पुन्हा लावले. डावा हात कधी खिशात, कधी फाईलवर. आता दुसरीकडे लक्षच जात नाही. पानगळ, फॉक्सने पार्किन्सन्ससाठी काढलेल्या फाउंडेशनचा तुमच्या आईसारख्यांना प्रत्यक्ष काही उपयोग आहे का?

पानगळ:
आईला उद्या बरं वाटेल असं काही नाही, हे खरं सांगते. २००० मध्ये सुरू केलेली ही संस्था मुख्यतः संशोधनाला पैसा देते. तिच्या मदतीने चाललेल्या मोठ्या अभ्यासातून २०२३ मध्ये एक चाचणी पुढे आली. पाठीच्या कण्यातलं पाणी काढून त्यात अल्फा-सिन्यूक्लिन नावाचं बिघडलेलं प्रथिन शोधतात, त्यामुळे लक्षणं ठळक होण्याआधीही आजाराचा माग लागू शकतो. आईच्या वेळी डॉक्टरांनी चालवून, हात उघडझाप करायला लावून निदान केलं होतं. त्याआधी कितीतरी महिने आम्ही तिच्या खांद्याला शेक देत बसलो होतो. फ्रोजन शोल्डर समजून.