मदत हवी आहे: भाचीच्या मेंदूत पट्टकृमीची गाठ निघाली, गावातल्या माणसांची तपासणी कशी करून घ्यायची?

नमस्कार मंडळी, चोपडा तालुक्यातल्या सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातून लिहितेय. नववीतल्या भाचीला शाळेत फिट आली, सीटी केला तर मेंदूत बारीक गाठ, डॉक्टर म्हणाले न्यूरोसिस्टिसर्कोसिस, म्हणजे डुकराच्या पट्टकृमीची अळी. आमचं घर माळकरी, अंडंसुद्धा चालत नाही, मोठी आई तर रडायलाच लागली की पोरीने बाहेर काय खाल्लं म्हणून.

मग डॉक्टरांनी नीट समजावलं. कच्चं राहिलेलं डुकराचं मटण खाल्लं तर आतड्यात जंत होतो, पण मेंदूतली गाठ होते ती त्या जंताची अंडी पोटात गेल्यावर, आणि अंडी बाहेर पडतात ती जंत झालेल्या माणसाच्या शौचातून. आमच्याकडे हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी असली की कांद्याची पात, मुळा तिथेच नाल्यात विसळून कच्चाच ताटात येतो, आणि त्याच नाल्याला वरच्या अंगाला लोक सकाळी टमरेल घेऊन बसतात.

भाचीच्या गोळ्या चालू आहेत. माझा प्रश्न गावाचा आहे. इथे सगळे म्हणताहेत डुकरं हाकला, ग्रामसभेत विषय घ्यायचाय, डुकरं पाळणाऱ्या घरांशी लोक बोलेनासे झालेत, त्यांच्या लेकरांचा यात काय दोष? डुकरं गेली तरी ज्याच्या पोटात जंत आहे तो माणूस इथेच राहणार, तो आमच्याच घरातला पण असू शकतो आणि त्याला स्वतःला पत्ता नसेल. उपकेंद्रात विचारलं तर म्हणे असा आजार कुठे लिहायचा तेच माहीत नाही. तपासणी कोणाकडे मागायची?

लॅबवाला_धुळे: ताई, आधी घरातल्या सगळ्यांची शौच तपासणी, भाचीची पण. अंडी रोज पडत नाहीत, म्हणून वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने द्या. मायक्रोस्कोपखाली डुकराच्या आणि गुरांच्या पट्टकृमीची अंडी सारखीच दिसतात, रिपोर्टमधे नुसतं टिनिया (पट्टकृमीचं शास्त्रीय नाव) आलं तरी उपचार घ्यायचेच. शौचात पांढरे चपटे फितीसारखे तुकडे दिसतात का तेही विचारा, लोक लाजेने सांगत नाहीत. शाळेत मिळणाऱ्या अल्बेंडाझोलच्या एका गोळीने पट्टकृमी गेला असं धरू नका. आणि कृपा करून गावभर गोळ्या वाटू नका, कोणाच्या मेंदूत लपलेली गाठ असली तर अल्बेंडाझोल, प्राझिक्वांटेलने फिट येऊ शकते. निक्लोसामाइड हे पट्टकृमीचं दुसरं औषध आतड्यातून फारसं शोषलंच जात नाही, म्हणून तो धोका कमी, पण तेही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.
मोठ्या आईला सांगा, न्यूयॉर्कमधल्या सनातनी ज्यू कुटुंबांमधे, जिथे डुक्कर पूर्ण वर्ज्य, तिथेही हा आजार निघाला होता. 1992 साली तो अभ्यास छापून आला. तपास केला तर घरी काम करणाऱ्यांपैकी एकीला पट्टकृमी होता. म्हणजे पोरीने बाहेर काही खाल्लं असं अजिबात नाही.

तापीकाठ: प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या, सीटी रिपोर्टची झेरॉक्स जोडा, एक प्रत जिल्हा सर्वेक्षण अधिकाऱ्यांना, आणि पोच घ्याच. अर्जात नुसती भाचीची केस नको, गावात आणखी कोणाकोणाला फिट सुरू झाल्यात तो आकडा टाका, नावं नको. जिथे हा कृमी घर करून आहे तिथल्या मिरगीच्या साधारण 30 टक्के केसेस यामुळे असतात असं डब्ल्यूएचओ सांगते, त्यामुळे शोध तिथूनच लागतो. डुकरं पाळणाऱ्यांना ग्रामसभेत मानाने बोलवा. डुकरांसाठी लस आहे, हैदराबादची कंपनी बनवते, सोबत ऑक्सफेंडाझोल हे जंताचं औषध देतात, पशुवैद्यकाला विचारा.

धागाकर्ती: खूप आभार दादा, मोठ्या आईला आत्ताच वाचून दाखवलं. फिटच्या पेशंटची नोंद आशाताईंकडे असते का? ग्रामसभेच्या आधी अर्ज द्यायचाय, कोणाकडे अशा अर्जाचा नमुना असेल तर इथे टाका ना.