कल्पनाकथेतल्या भुताखेतांची नावं कशी ठरवता? (सीमाभाग विशेष)

मराठीत फँटसी लिहिणाऱ्यांसाठी हा धागा. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्यांनी तर नक्की लिहा, तुमच्या कानावर दोन भाषा असतात. कथा कुठली ते नको, नाव कसं घडवता आणि कुठं फसतं ते सांगा.

खानापूरहून
नाव सुचलं की आधी त्याला विभक्ती लावून बघा. खवीस, खविसाने. मुंजा, मुंज्याच्या. हडळ, हडळीला. जुनी नावं सगळी वळतात. 'ग्झोरियू' असलं काही घेतलंत तर 'ग्झोरियूंनी'पाशी वाचक अडखळणार, आणि हा शब्द कादंबरीत दोनशे वेळा येणार. माझी चाचणी अशी: 'ने', 'ला', 'च्या', अनेकवचन, आणि लांबून मारलेली हाक. पाचही जमलं तरच नाव ठेवायचं.

लिंग नावाच्या आधी ठरवा, कारण प्रत्येक क्रियापद त्यावर फिरतं. ज्याचं रूप कुणी पाहिलेलं नाही, त्याला नपुंसकलिंग फार शोभतं. 'दारात आला' म्हटलं की माणूस दिसतो, 'दारात आलं' म्हटलं की काहीच दिसत नाही, आणि भीती तिथंच असते.

नवा शब्द धातूपासून काढा. चकवणे, चकवा: लोकांनी हेच केलंय. जीव काय करतो ते आधी एका वाक्यात लिहा, त्यातलं क्रियापद उचला.

निपाणीहून
वरच्या नपुंसकलिंगाला जोडून. एका जिवाला दोन नावं द्या. रात्री सापाचं नाव घेत नाहीत, 'लांबडं' किंवा 'जनावर' म्हणतात. तसंच करा. खरं नाव फक्त देवऋषी उच्चारतो, गाव मात्र आडनावानं, म्हणजे आडून घेतलेल्या नावानं बोलतं. पाण्यातल्या जिवाला 'ओलं' म्हणा: "तिन्हीसांजेला विहिरीवर जाऊ नको, ओलं असतंय." आडून घेतलेलं नाव साधं विशेषण असावं. खरं नाव पुस्तकात फार तर तीनचार जागीच येऊ द्या, नाहीतर त्याचा धाक जातो.

बेळगाव, वडगावहून
कन्नड शब्द उचलणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. कन्नडात ए आणि ओ ऱ्हस्वही असतात, दीर्घही. आपल्या लिपीत तो फरक दिसत नाही. ऱ्हस्व ए घेऊन 'केरे' म्हणजे तळं, दीर्घ घेऊन 'केरे' म्हणजे धामण. तळ्यातल्या जिवाला ते नाव दिलंत तर कन्नड येणारा वाचक धामण वाचू शकतो. म्हणून अ, आ, इ, उ असलेले शब्द निवडा: कल्लु (दगड), काडु (रान), इरुळु (रात्र). शेवटचा उकार मराठीत दीर्घ लिहा, 'कल्लू'. नुसता 'कल्लू' मात्र माणसाचं नाव वाटतं, त्याला पुढं काहीतरी जोडावं लागतं.

शेवटी 'हट्टी', 'कट्टी', 'ळ्ळी' आलं की आमच्याकडं ते गावच वाटणार. 'कर' लावाल तर आडनाव.

च, ज, झ यांचे मराठीत दोन उच्चार. नव्या शब्दात वाचक कुठला घेईल सांगता येत नाही. 'ची', 'जे' असा इकार-एकार दिलात की प्रश्न मिटतो.

चिकोडीहून
आसरा, म्हसोबा, यल्लम्मा ही नावं राक्षसाला देऊ नका. त्यांची पूजा होते. विहिरीवर साती आसरांना नैवेद्य ठेवणारं घर तुमची गोष्ट वाचणार आहे, त्यांच्या देवीला खलनायिका करायचा हक्क आपल्याला नाही. वेताळाचंही तसंच, काही गावांत तो ग्रामदेव आहे. त्याला घेतलंत तर मानानं घ्या.

छापण्याआधी मोल्सवर्थचा 1857चा मराठी कोश आणि किटेलचा 1894चा कन्नड कोश, दोन्हींत शब्द शोधा. मग कन्नड बोलणाऱ्या शेजाऱ्याला मोठ्यानं वाचायला द्या. शिव्या कोशात सगळ्या सापडत नाहीत.

खानापूरहून, पुन्हा
एका कथेत दोन जिवांची नावं एकाच अक्षरानं सुरू करू नका. घाईत वाचणारा पहिलं अक्षर आणि लांबी बघूनच पुढं जातो.